फुकटच्या तिकिटावर शिकागो आणि अटलांटा

गुरुवार, मुंबई

भाच्याने शिकागोहून तिकीट पाठवलं, ते थेट बिझनेस क्लासचं. "मावशी, एक पैसा गेलेला नाही. सगळं पॉइंट्सवर. कर भरले तेवढेच." माझी निम्मी नोकरी बँकेच्या कार्ड विभागात गेली आहे. एक पैसा गेलेला नाही, असं कुणी म्हणालं की आम्हा लोकांचा हात आपोआप खात्याच्या दुसऱ्या बाजूला जातो. इथे जमा दिसते आहे म्हणजे कुणाच्या तरी नावे पडलेलं असणारच. निवृत्त झाले तरी ही खोड जात नाही, आणि या प्रवासात तिचा भाच्याला बराच त्रास झाला.

टर्मिनल दोनवर बिझनेस क्लासची रांग वेगळी, खाली गालिचा. मी सुती साडीत होते. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट न उघडताच हसून विचारलं, "मॅम, व्हीलचेअर?" अमेरिकेला निघालेली, एकटी, साडीतली, पन्नाशी उलटलेली बाई म्हणजे मुलाकडे बाळंतपणाला निघालेली सासूबाई, हा तिचा अनुभव असणार. बोर्डिंग पास हातात आल्यावर तिचा सूर पार बदलला. त्या एका कागदाने मी पाच मिनिटांत सासूबाईंची मॅडम झाले.

लाउंजच्या दाराशी मात्र लोकलसारखी गर्दी. भारतात क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीला दहा कोटींपुढे गेली आणि त्यातल्या बऱ्याच कार्डांवर लाउंज मोफत होतं. आता बँका आधीच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच, अशा अटी घालू लागल्या आहेत. रांगेत माझ्यापुढचे एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "आजकाल कुणीही येतं इथे." ते स्वतः डेबिट कार्डावर आले होते.

विमानतळावरचं पहिलं लाउंज अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला १९३९ मध्ये काढलं. तेव्हा पैसे देऊन आत जाता येत नसे. कंपनी ज्याला बोलवील तोच आत. कुणाला बोलवायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि कोण आत बसलेले असत हे लिहायची गरजही नव्हती. साठच्या दशकात यावर भेदभावाची तक्रार झाली आणि मग बहुतेक क्लब फी घेऊन सभासद करू लागले. आमंत्रणाची जागा पावतीने घेतली. सुधारणा होती, यात शंका नाही. पण पावती कुणाला परवडते हा प्रश्न तिथे राहिला, तो अजून आहे.

शुक्रवार, आखातातला थांबा

मध्ये चार तास एका आखाती विमानतळावर. त्या लाउंजबद्दल लोक व्हिडिओ काढतात. मी कारंजं पाहिलं, खजूर खाल्ले आणि एका कोपऱ्यात बसले. ताटं उचलणारा मुलगा माझं फोनवरचं बोलणं ऐकून थबकला. "ताई, पुण्याच्या का?" तो दापोलीकडचा निघाला. दोन वर्षांतून एकदा घरी जातो, तिकीट कंपनी काढते, कधी मुंबई, कधी मध्ये दुसरीकडे उतरून, जे स्वस्त पडेल ते. मी विचारलं, इतकी वर्षं येजा करतोस, मैल जमा होतात का तुझे? त्याला प्रश्नच कळला नाही. मी समजावलं: तिकिटावर आपला सभासद नंबर टाकला की विमान कंपनी प्रवासाचे मैल खात्यावर जमा करते, ते साठले की त्यावर तिकीट निघतं. तो म्हणाला, "तिकीट माझ्या हातात उड्डाणाच्या आदल्या दिवशी येतं, ताई. नंबर कुठे टाकायचा?"

टाकला असता तरी फार हाती लागलं नसतं. अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेडने २०१५ पासून, अमेरिकनने २०१६ मध्ये, अंतर मोजणं सोडून तिकिटाची किंमत मोजायला सुरुवात केली. इतर कंपन्याही अगदी स्वस्त तिकिटावर कमी मैल देतात, काही देतच नाहीत. म्हणजे ज्याचं तिकीट ऑफिसने शेवटच्या क्षणी महागात काढलं, त्याला एका फेरीत जे मिळतं ते या मुलाला दहा फेऱ्यांत मिळायचं नाही. निष्ठा म्हणाल तर त्याची जास्त.

शनिवार, नेपरव्हिल

शिकागोच्या पश्चिमेचं हे उपनगर म्हणजे निम्मं आपलंच. सकाळी झोप उडाली होती म्हणून भाच्याबरोबर स्वयंपाकघरात बसले. त्याने लॅपटॉप उघडून आपला कारभार दाखवला: कुठलं कार्ड किराण्याला, कुठलं पेट्रोलला, कुठल्याचे पॉइंट कुठल्या विमान कंपनीकडे वळवायचे. नवं कार्ड घ्या, तीन महिन्यांत चार हजार डॉलर खर्च करा, की साठ-सत्तर हजार पॉइंट एकदम. कार्डाची वर्षाची फी सातशे-आठशे डॉलरच्या घरात. माझ्या तिकिटाचा जन्म अशा दोन कार्डांतून झाला होता.

"हे तर कुणालाही करता येतं, मावशी. शिस्त लागते फक्त."

कुणालाही? मी विचारलं, तू इथे शिकायला आलास तेव्हा तुला पहिलं कार्ड कुणी दिलं? इथे पत नसलेल्या माणसाला कार्ड मिळत नाही आणि कार्ड नसलेल्याची पत तयार होत नाही. तो हसला. "मामाने." माझ्या भावाने स्वतःच्या जुन्या कार्डावर त्याचं नाव पुरवणी म्हणून घातलं होतं. त्या कार्डाचा कित्येक वर्षांचा स्वच्छ इतिहास एका रात्रीत भाच्याच्या नावावर दिसू लागला. अमेरिकेत हे कायदेशीर आहे आणि सुस्थितीतल्या घरांत सर्रास चालतं.

भावाची पत कुठून आली, तेही मला ठाऊक आहे. आमच्या आजोबांची सरकारी नोकरी, वडिलांची कायमची नोकरी, भावाचं पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातलं जवळजवळ नाममात्र फीचं शिक्षण, मग अमेरिका, मग उपनगरातल्या घराला कर्ज. आजोबांच्या गावात शाळेबाहेर बसवलेली मुलं होती. त्यांच्या नातवंडांना कुणी मामा आपल्या कार्डावर घालू शकला नाही. भाच्याची शिस्त खरीच आहे. पण ती सुरू झाली तेव्हा खात्यावर आरंभीची शिल्लक होती.

हेच शिकागोच्या नकाशावर लावून पाहा. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठीच्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल केल्या. लाल म्हणजे कर्ज धोक्याचं. घर नाही म्हणजे घरावर वाढणारी संपत्ती नाही, आणि मुलाला पुढे सरकवायला जुनं स्वच्छ खातंही नाही. २०२३ च्या सरकारी पाहणीत बँकेत खातंच नसलेली कुटुंबं गोऱ्यांमध्ये १.९ टक्के होती, काळ्यांमध्ये १०.६ टक्के. त्यांचा सगळा व्यवहार रोखीचा.

रोखीचा माणूस या खेळात काय करतो, ते संध्याकाळी डेव्हन अॅव्हेन्यूवर दिसलं. तिथल्या एका वाणसामानाच्या दुकानात गल्ल्याजवळ हाताने लिहिलेला कागद: रोख दिल्यास तीन टक्के सूट. मालक मूळचे मुलुंडचे, मराठी अस्सल. भाच्याने कार्ड पुढे केलं तसे ते मला म्हणाले, "बघा, हे जड धातूचं कार्ड. हे घासलं की माझ्याकडून साध्या कार्डापेक्षा जास्त कापतात. आणि साधं घेईन, भारी घेणार नाही, असं म्हणायची सोय नाही. घ्यायची तर त्या कंपनीची सगळी घ्या." मग किंमत वाढवता? "सगळेच वाढवतात. मी निदान कागद लावलाय."

मला हवी होती ती नावेची बाजू हीच. दुकानदाराकडून दोन-अडीच टक्के जातात, त्यातले बँकेकडे, बँक त्यातून विमान कंपनीकडून मैल विकत घेते, ते भाच्याला मिळतात. भाववाढ मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, नोटा मोजून देणाऱ्यालाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये हिशेब मांडला होता: रोखीने चालणारं एक सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देतं, आणि कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला १,१३३ डॉलर मिळतात. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने फक्त क्रेडिट कार्डवाल्यांकडे पाहिलं. त्यातही वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे, गरीब वस्त्यांतून श्रीमंत वस्त्यांकडे, अल्पसंख्याकांच्या वस्त्यांतून इतरांकडे सरकतात, असं निघालं.

आपल्याकडे यूपीआय आणि रुपे डेबिटवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे चहाच्या टपरीवरून तरी कुणाचं विमानाचं तिकीट निघत नाही. मॉलमधून निघतं.

भाच्याने शांतपणे ऐकलं आणि कार्डच दिलं. चकलीच्या भाजणीवर त्याला तिप्पट पॉइंट होते.

रविवार, पुलमन

हा दिवस मी मागून घेतला होता. नेपरव्हिलहून मेट्रा या लोकल गाडीने युनियन स्टेशन, तिथून चालत मिलेनियम स्टेशन, मग दक्षिणेकडची विजेची गाडी, १११व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरायचं. गाडीत सुरुवातीला निम्मे प्रवासी गोरे होते, दक्षिणेकडे जाताना एकेक उतरत गेले. शेवटच्या टप्प्यात डब्यात आम्ही दोघेच काळे नसलेले.

जॉर्ज पुलमनने १८८० च्या दशकात इथे झोपायच्या डब्यांचा कारखाना आणि कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. लाल विटांच्या घरांच्या रांगा, मालकाच्या मुलीच्या नावाचं हॉटेल फ्लोरेन्स, घड्याळाचा मनोरा. मंदीत पगार कापला पण घरभाडं कापलं नाही, म्हणून १८९४ चा मोठा संप झाला आणि तो मोडायला सैन्य आणलं. हे सगळं आता राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. ओबामांनी २०१५ मध्ये स्मारक म्हणून जाहीर केलं.

पण मी आले होते ते डब्यांमधल्या माणसांसाठी. यादवीनंतर गुलामीतून सुटलेल्या पुरुषांना पुलमनने डब्यांवर सेवक म्हणून घेतलं, आणि पुढे तो काळ्या पुरुषांना काम देणाऱ्या देशातल्या सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक झाला. बिछाने घाला, बूट चमकवा, रात्रभर घंटीला ओ द्या. बुटाचं पॉलिश स्वतःच्या पैशाने आणायचं. प्रवासी त्यांना मालकाच्या नावावरून "जॉर्ज" म्हणून हाक मारत, जशी गुलामाला धन्याच्या नावाने मारत. गावात घरं होती ती कारखान्यातल्या गोऱ्या कामगारांसाठी. डब्यांवरच्या या माणसांसाठी नव्हती.

माहितीफलकांमधून फिरताना त्यांच्या पगाराच्या अटीशी येऊन मी थांबले. पूर्ण पगारासाठी महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल, यातलं जे आधी भरेल ते. मी भाच्याला हाक मारली. त्याच्या विमान कंपन्यांच्या जुन्या पद्धतीत वर्षाला पंचवीस हजार मैलांवर खास प्रवाशाचा सगळ्यांत खालचा दर्जा मिळायचा, लाखावर सगळ्यांत वरचा. या हिशेबाने डब्यातला सेवक दहाव्या महिन्यात सगळ्यांत वरच्या दर्जाला पोचला असता, दर वर्षी, निवृत्त होईपर्यंत. त्याच्या मैलांवर त्याला मिळायचा तो पोटापुरता पगार. बाकी टिपांवर भिस्त.

भाचा बराच वेळ फोन न काढता उभा होता, हे मी मुद्दाम नोंदवते.

फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये या सेवकांनी संघटना केली. कंपनीने कामावरून काढलं, हेर लावले, फूट पाडली. शेवटी १९३७ मध्ये करार झाला. एका मोठ्या अमेरिकी कंपनीने काळ्या कामगारांच्या संघटनेशी केलेला तो पहिला मोठा करार. त्याच रँडॉल्फनी पुढे १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा उभा केला. त्यांच्या नावाचं संग्रहालय जवळच आहे, आम्ही पोचलो तेव्हा बंद होतं. बाहेरून पाहून परत फिरलो. भूक लागली होती.

सोमवार

पाऊस. झोप. बहिणीने थालीपीठं केली. लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवार, शिकागो ते अटलांटा

भाच्याला कामासाठी अटलांटाला जायचं होतं, मी सोबत निघाले. गेटवर बोर्डिंगचे गट पुकारले जातात: आधी ज्यांना मदत लागते ते, लष्करी जवान, मग वरचे दर्जे, मग पहिला गट, दुसरा, तिसरा. आपल्याकडे पंगतीत आधी कोण बसायचं हे न पुकारता कळायचं. इथे ते माइकवरून सांगतात एवढाच फरक.

वरच्या दर्जाच्या रांगेत सुटातली एक काळी बाई उभी होती, पन्नाशीची. तिच्या मागून आलेला एक गोरा माणूस अगदी सौम्यपणे म्हणाला, ही रांग अजून सगळ्यांसाठी उघडलेली नाही. तिने मागे न बघता फोनचा पडदा त्याच्यापुढे धरला. तो "सॉरी" म्हणून गप्प झाला. त्याच रांगेत मी होते, भाच्याच्या पदराला धरून, माझ्या नावावर एकही मैल नसताना. मला कुणी काही विचारलं नाही. विमानात बसल्यावर भाचा म्हणाला, तिच्याकडे सगळ्यांत वरचा दर्जा होता, त्याच्या स्वतःच्याही वरचा. कार्ड सगळ्यांना सारखं दिलं तरी ते दर वेळी दाखवावं कुणाला लागतं, याचा हिशेब मैलांचा कुठलाच कार्यक्रम ठेवत नाही. काळ्या प्रवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवरून २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेने एका मोठ्या विमान कंपनीबद्दल प्रवाशांना चक्क सावधगिरीची सूचना दिली होती. ती पुढच्या जुलैमध्ये मागे घेतली.

मला मसूर स्टेशन आठवलं. १९०१ मध्ये नऊ-दहा वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. अंगावर नवे कपडे, खिशात पैसे, हातात तिकीट. जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना, दुप्पट भाडं देऊ केलं तरीही. शेवटी एक जण कबूल झाला: पैसे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. भाच्याला हा प्रसंग माहीत नव्हता. मराठी शाळेत चौथीपर्यंत होता, तरी नव्हता.

बुधवार, अटलांटा

जगातला सर्वांत गर्दीचा विमानतळ. डेल्टाचं घर. २०२४ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीकडून डेल्टाला सात अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. विमान कंपनीचा हा जोडधंदा म्हणायचा की विमानं हाच जोडधंदा, कळत नाही. २०२० मध्ये कोविडात युनायटेडने आपला मैलांचा कार्यक्रम गहाण ठेवून कर्ज उभं केलं, तेव्हा त्या कार्यक्रमाची किंमत सुमारे २२ अब्ज धरली होती; शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत तेव्हा त्याच्या निम्मीच होती.

याच शहराच्या जुन्या विमानतळावर बर्मिंगहॅमच्या एका काळ्या विमा व्यावसायिकाला उपाहारगृहात गोऱ्यांबरोबर बसू दिलं नाही. त्याच्याकडे विमानाचं तिकीट होतं. तो शहराविरुद्ध कोर्टात गेला आणि १९६० च्या सुरुवातीला जिंकला. त्यानंतर वीस वर्षांनी नवं टर्मिनल उघडलं, ते मेयर मेनार्ड जॅक्सन यांच्या हट्टातून. शहराचे हे पहिले काळे मेयर. कामाचा पंचवीस टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळायला हवा, नाहीतर काम होणार नाही, असं ते अडून बसले. विरोध भरपूर झाला. त्या कंत्राटांतून आणि दुकानांच्या गाळ्यांतून काळे लक्षाधीश उभे राहिले. विमानतळाच्या नावात आज जॅक्सन आहेत. मला हा माणूस आवडला. दाराशी पाटी लावून समाधान न मानता त्याने गल्ल्याला हात घातला.

दुपारी मेट्रोने ऑबर्न अॅव्हेन्यूला गेले, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वस्तीत. एबेनेझर चर्च पाहिलं, स्मारकाच्या आवारातला गांधींचा पुतळा पाहिला. एका सहलीतल्या वयस्कर मार्गदर्शकाने मला विचारलं, भारतातून? मी हो म्हटलं. तो म्हणाला, इथल्या चळवळीने जे वातावरण केलं त्यातून १९६५ चा स्थलांतराचा कायदाही झाला, तुमच्या लोकांना दार त्याने उघडलं. आवाजात टोमणा नव्हता. भावाचं कार्ड, भाच्याचा पॉइंटांचा ढीग, माझं पुढच्या खुर्चीचं तिकीट, या साखळीतली ही कडी शनिवारी माझ्या हिशेबातून सुटली होती. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग परत आलात की आमच्या बँकेत खातं उघडा." १९२१ मध्ये याच वस्तीत सुरू झालेल्या सिटिझन्स ट्रस्ट या काळ्यांच्या बँकेबद्दल तो बोलत होता. बँकवालीला बँकेचीच जाहिरात!

शनिवार, मुंबई

परतीचा आखातातला थांबा अपरात्री होता. दापोलीचा मुलगा दिसला नाही, त्याची पाळी नसेल. मुंबईचं विमान मात्र कामगारांनी भरलेलं. मी पुढे पाय पसरून होते, मागे गुडघे समोरच्या सीटला टेकवून ते.

मुंबईत उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत शेजारचा एक जण फॉर्मबद्दल विचारत होता. त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा होता: दहावी पास नसलेल्याला ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी लागते. हेतू फसवणूक टाळण्याचा. २०१८ च्या जानेवारीत अशा पासपोर्टांना नारंगी मुखपृष्ठ द्यायचं आपल्या सरकारने जाहीर केलं होतं; ओरड झाल्यावर महिन्याच्या आत मागे घेतलं. रंग वाचला, शेरा राहिला. बाजूला विश्वासू प्रवाशांसाठीची आपोआप उघडणारी नवी फाटकं होती. त्यातून एक मुलगा वाऱ्यासारखा निघून गेला.

सामानाच्या पट्ट्यावर आधी दोरीने बांधलेले खोके आले. एकामागून एक, नावं मार्करने लिहिलेली, एक टीव्ही, परत खोके. माझ्या बॅगेला "प्रायॉरिटी"ची नारंगी पट्टी होती. ती आली तेव्हा पट्ट्याभोवती मोजके लोक उरले होते. रांगेत भेटलेल्यानेच ती उचलून माझ्या ट्रॉलीत ठेवली आणि पट्टी बोटांत धरून विचारलं, "हे कशाला लावतात?"

"आधी यावी म्हणून."

तो इतका हसला की त्याचे सोबती वळून बघायला लागले.